साडेतीनशे फुटांचा डोंगर

मोठेपणाचा लोभ माणसाला डोंगरांच्या बाबतीतही सुटत नाही. कोणी प्रवास करून आला की आपण त्याला आधी उंची विचारतो. आणि सांगणाराही, जणू तो पर्वत त्याने स्वतःच रचला असावा अशा थाटात, हजारांनी फूट मोजून दाखवितो. अमेरिकेत बर्फावरून घसरण्याचा तो स्कीइंगचा खेळ पाहिला, इतकेच नव्हे तर खेळलोही, असे मी स्नेह्यांना सांगतो तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डोंगर केवढा होता? पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ३५० फूट, हे माझे उत्तर ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरते ती पाहण्यासारखी असते. रोज सकाळी पर्वती चढणारे पुणेकर तर उघडउघड हसतात.

त्यांना मी दोष देत नाही. पण त्या डोंगराची कथा उंचीची नव्हेच. व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्येकडील एक लहानसे राज्य, आणि त्यातले रिचमंड हे एक लहानसे गाव. तेथे मिकी कॉक्रन नावाच्या एका अभियंत्याने आणि त्याची पत्नी जिनी हिने एक जुने शेत विकत घेतले आणि १९६१ साली घरामागच्या उतारावर सुमारे ४०० फूट लांबीचा एक फिरता दोर बसविला. हा दोर धरला की तो माणसाला ओढीत वर नेतो. खाली यायला गुरुत्वाकर्षण समर्थ आहेच. आपल्या चार मुलांना शाळा सुटल्यावर घरच्या घरी सराव करता यावा, एवढाच त्या जोडप्याचा हेतू. पण मुले असलेल्या घरी शेजारची मुले आल्यावाचून राहत नाहीत. ती आली, जिनीबाई त्यांनाही शिकवू लागल्या, आणि गारठलेल्या मंडळींना ऊब घेण्यासाठी कॉक्रनांचे स्वयंपाकघर मोकळे झाले.

त्या परसदारी काय पिकले ते सांगितल्यावर मात्र माझे पुणेकर मित्र हसायचे थांबतात. चारही भावंडे पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात गेली. थोरल्या मॅरिलिनने १९६९ साली जायंट स्लॅलम या प्रकारातील विश्वचषक मिळविला. तिच्या पाठच्या बार्बरा ॲनने १९७२ साली जपानमधील साप्पोरोच्या ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचे सुवर्णपदक जिंकले, ते एका सेकंदाच्या दोन शतांशांनी! बरोबर पन्नास वर्षांनी, २०२२ साली, तिचा मुलगा रायन बीजिंगला रौप्यपदकाचा धनी झाला. त्याचे सुवर्ण हुकले चार शतांशांनी. मायलेकांच्या नशिबाचा सारा हिशेब पापणी लवायला लागणाऱ्या वेळाहूनही लहान! लहान डोंगरावर वाढलेल्या माणसांना लहान मापांची किंमत अधिक कळत असावी, असा एक तर्क मी करून ठेवला आहे. तो कोणी तपासू नये.

असल्या लहान टेकड्या एके काळी त्या प्रदेशात शेकड्यांनी होत्या. देशातला पहिला असा ओढणारा दोर व्हरमाँटमध्येच, वुडस्टॉक गावाजवळच्या एका शेतात, १९३४ साली फोर्ड मोटारीच्या इंजिनावर फिरू लागला. त्याचे पाहून गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपापल्या कुरणांवर दोर बांधले. पुढे बर्फाचा भरवसा कमी झाला, विम्याचे हप्ते वाढले, मोठ्या पर्वतांनी गिऱ्हाईक ओढून नेले, आणि बहुतेक टेकड्या पुन्हा रानाच्या स्वाधीन झाल्या. मोठ्या स्थानी एका दिवसाच्या तिकिटाला २०० डॉलरांहून अधिक मोजावे लागतात अशीही उदाहरणे आहेत. कॉक्रनांची टेकडी तगली. १९९८ पासून ती नफा न कमावणारी सार्वजनिक संस्था आहे, आणि पैसे नाहीत म्हणून एकाही मुलाला परत पाठवायचे नाही असा तिचा बाणा आहे.

माझी मुलगी तेथून जवळच राहते. मार्चच्या पहिल्या आठवड्यातील एका शनिवारी ती मला आणि नातवाला घेऊन निघाली. आपल्याकडे होळीच्या गोवऱ्या जमविण्याचे ते दिवस. तेथे मेपल वृक्षांना भोके पाडून रस काढण्याचे. रात्री गोठावे आणि दिवसा वितळावे, असे हवामान झाले म्हणजे झाडांतून रस पाझरू लागतो. सुमारे चाळीस भांडी रस आटविला की एक भांडे पाक मिळतो. चवीला तो आपल्या काकवीचा दूरचा नातलग वाटतो, आणि ज्या खोपटात तो आटवितात त्याला गुऱ्हाळाखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही. टेकडीच्या अंगाखांद्यावर ही झाडे उभी आहेत.

खेळाचे वर्णन मी लांबवीत नाही. पायांना पोलादासारखे कठीण जोडे आणि जोड्यांना लांबच लांब पट्ट्या अडकविल्या की माणूस बदकासारखा चालू लागतो, आणि त्याची वयाने कमावलेली सारी प्रतिष्ठा तेथेच गळून पडते. "बाबा, गुडघे वाकवा. पुढची टोके जवळ आणा, टाचा बाहेर ढकला," असे मुलगी सांगत होती. पट्ट्यांचा असा नांगर केला म्हणजे वेग आवरतो. सांगायला सोपे, पण बर्फ आणि गुडघे यांचे एकमत व्हायला तास गेला. दोराचेही एक शास्त्र आहे. तो एकदम घट्ट धरला तर हिसका बसून माणूस तोंडावर आपटतो. प्रथम तो हातमोज्यातून सरकू द्यायचा, मग हळूहळू मूठ आवळायची. टी-बार नावाचा उलट्या टी अक्षराचा दांडा आणखी फसवा. त्याच्यावर बसावेसे वाटते, आणि बसायचे मात्र मुळीच नसते. उभे राहून त्याला नुसते ढकलू द्यायचे. बसणारे आडवे होतात. त्या दिवशी आडवे झालेल्यांत मी वयाने सर्वांत वडील होतो, आणि मला उठवायला धावलेल्या मंडळींत सर्वांत धाकटी मुलगी जेमतेम सहा वर्षांची होती.

दोराजवळ एक वृद्ध गृहस्थ उभे होते. येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते नावाने हाक मारीत, कोणाचा पट्टा आवळीत, कोणाचे नाक पुसायला सांगत. मी दमून बाकावर बसलो तेव्हा ते शेजारी येऊन बसले. माझी मुलगी कोणती हे त्यांना ठाऊक होते. थोडा वेळ बर्फपाण्याच्या गोष्टी झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्या पत्नी गेल्या त्या हिवाळ्यात ती दोन शुक्रवार आली नाही. म्हणून आम्ही चौकशी केली."

ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी विमानाने पुण्यास पोहोचली तेव्हा सारे आटोपले होते. दिवसकार्य करून ती परत गेली. मी येथे रिकाम्या घरात बसून विचार करी, की आपल्याकडे निदान चार माणसे दारात येऊन बसतात. त्या परमुलखात तिचे डोळे कोण पुसणार? फोनवर ती नेहमी "मी बरी आहे, बाबा" एवढेच म्हणे, आणि त्या शब्दांवर माझा विश्वास बसत नसे.

गृहस्थ सांगत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांची पत्नी आणि टेकडीवरची आणखी एक बाई तिच्या घरी सूपचे भांडे घेऊन गेल्या. बोलण्यासारखे काही नव्हते. तिघी स्वयंपाकघरात नुसत्या बसल्या. मग तिने आईचा फोटो दाखविला. पुढे महिनाभर नातवाला टेकडीवर नेणे-आणणे कोणी ना कोणी करी, आणि तिच्या दारासमोरचा बर्फ सकाळी उपसलेला असे. तो कोण उपसतो हे तिला अद्याप ठाऊक नाही. एवढे सांगून ते गृहस्थ लगबगीने उठले, कारण दोरावर कोणीतरी पडले होते. हजारांनी माणसे येतात अशा पर्वतावर एक बाई दोन शुक्रवार आली नाही हे कोणाच्या ध्यानात आले असते, हा प्रश्न मी माझ्या हसऱ्या मित्रांसाठी राखून ठेवला आहे.

उन्हे उतरली तसा बर्फ करकरू लागला. मुलगी वरच्या वळणावरून खाली येत होती. सहज, न अडखळता, तोल एका पायावरून दुसऱ्यावर देत. लहानपणी ती सायकलवरून अशीच येई, आणि तिची आई दारात उभी राहून ओरडे. खाली दोराजवळ तिला कोणीतरी थांबविले. पुढच्या खेपेस ती मुगाची उसळ पुन्हा करून आण, असे तिला सांगणे चालले होते.

गाडीत मी तिला काही विचारले नाही. तीच म्हणाली, "थकलात ना, बाबा?"

"पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ," मी म्हणालो.

"शनिवारी कशाला, आजोबा?" मागच्या आसनावरून नातू म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात."