आमची आठशे

मारुती हा शब्द आमच्या भाषेत पुल्लिंगी. पण डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती मोटार दिल्लीच्या हरपाल सिंगांच्या दारी गेली आणि कुणाही वैयाकरणाला न विचारता हा देव स्त्रीलिंगी झाला! 'मारुती आली', 'मारुती घेतली' म्हणताना एकाही मराठी माणसाची जीभ अडखळली नाही. मारुतीरायाला काय वाटले असेल, ते रामच जाणे.

ती मूळची जपानी. सुझुकीने १९७९ साली तिकडे अल्टो काढली, तिच्याच घराण्यातली. तिकडच्या छोट्या मोटारींना इंजिन साडेपाचशे सीसीच्या आत ठेवण्याचे बंधन असे; आपल्याकडे ती ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे काळीज घेऊन आली. पंचवीस लाखांहून अधिक खपली. एप्रिल २०१० मध्ये धुराच्या नव्या नियमांमुळे मुंबई, पुणे, सोलापुरासह तेरा शहरांत तिची विक्री थांबली आणि जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यानेही तिचा निरोप घेतला.

आता रस्त्यावर उभे राहून मोजा. कॉलेजात जाता-येता मला आठवड्याकाठी एखादी दिसते. एवढ्या गेल्या कुठे? मला वाटते, दुर्मिळ मोटारी हौशी मंडळी जपतात; गल्लोगल्ली दिसणारीला कोण जपणार? खुद्द हरपाल सिंगांची ती पहिली मोटार, २०१० साली ते वारल्यावर, घराबाहेर गंजत पडली होती. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली, म्हणून वाचली.

आमची १९९७ ची. अण्णांनी फंडातून पैसे काढून घेतलेली. अण्णा आता एक्याऐंशीचे आहेत, चालवत नाहीत. पण शनिवारी मारुतीच्या देवळात जायचे ते मारुतीतूनच. २०२७ साली तिची नोंदणी पुन्हा करायची आहे, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीला त्याचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाले आहे. "तेवढ्यात अण्णांना वर्षभर रिक्षाने नेऊ की," असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे. हिशेब चोख आहे. तो अण्णांना कुणी सांगायचा, एवढाच प्रश्न.

खरा प्रश्न सुट्या भागांचा. आमच्या मोटारीचा एक दरवाजा दुसऱ्या मारुतीचा, काच खालीवर करायचा दांडा तिसरीचा. आमचे मिस्त्री म्हणतात, "सर, आता एक चालू ठेवायची तर दोन मोडाव्या लागतात."

परवा त्यांचाच फोन आला. "सर, एक आठशे आलीय भंगारात. कार्बोरेटर झकास आहे. काढून ठेवू?"

अण्णांना हल्ली कमी ऐकू येते. हे मात्र नेमके ऐकू आले. "विचार त्यांना," ते आतून म्हणाले, "चालू आहे का ती?"

मी विचारले.

"चालवतच आणली की सर, मालकांनी."

अण्णा दारात येऊन उभे होते. मी फोनवर हात ठेवला, त्यांच्याकडे पाहिले, आणि मिस्त्रींना म्हटले, "ठेवा काढून."