माटुंग्याची पंगत

आमच्या पुण्याच्या घरांत पानें दोनदां मांडण्याची चाल आहे. पहिल्या पंगतीला पुरुष व मुलें, दुसरीला बायका. असा नियम कोणीं केलेला नाहीं, आणि विचारलें तर घरांतील प्रत्येक सुशिक्षित पुरुष हें मुळींच योग्य नाहीं असें तत्काळ कबूल करील. परंतु पोळी तव्यावरून थेट पानांत पडली पाहिजे हा आग्रह जोंवर सुटत नाहीं, तोंवर कोणी तरी तव्यापाशीं उभें राहणारच. आणि आमच्या घरीं तें कोणी म्हणजे गेलीं अडतीस वर्षें आमच्या वहिनी. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही लहानमोठीं अकरा माणसें आठवडाभर मुंबईस पुतण्याकडे राहावयास निघालों, तेव्हां वहिनींनीं एकच इच्छा बोलून दाखविली. ‘तेथें मी स्वयंपाक करणार नाहीं’ असें त्या म्हणाल्या नाहींत. तसें बोलण्याचा त्यांचा स्वभाव नाहीं. “एक दिवस तरी सगळीं एकदम जेवूं या,” एवढेंच त्या म्हणाल्या.

पुतण्याचें बिऱ्हाड दादरच्या हिंदू कॉलनींत आहे. स्वयंपाकघर इतकें बेताचें कीं दोन बायकांनीं पाठीला पाठ लावूनच उभें राहावें. पहिल्याच संध्याकाळीं उत्साहाच्या भरांत आम्ही सगळा लवाजमा घेऊन एका मोठ्या नांवाच्या उपाहारगृहांत गेलों. तेथें आमची तीन टेबलांवर वांटणी झाली. दिवे इतके मंद कीं आत्याबाईंस पुढ्यांत काय आलें तें दिसेना, आणि संगीत इतकें मोठें कीं त्यांनीं तें विचारलें तें आम्हांस ऐकूं येईना. आत्याबाईंचें वय चौऱ्याऐंशी. फळें आणि दूध यांपलीकडे बाहेरचें कांहीं त्यांच्या पोटांत आजवर गेलेलें नाहीं. प्रवासांतहि दशम्यांचा डबा बरोबर असतो. त्यांनीं अर्थातच कशासहि हात लावला नाहीं. घरीं परतल्यावर वहिनींनीं मुकाट्यानें कुकर चढविला.

दुसऱ्या दिवसापासून टेहळणीचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें. हिंदू कॉलनींतून रुईया महाविद्यालयाकडे वळलें आणि तेथून पांच बागांच्या बाजूनें सावलीसावलीनें चालत राहिलें कीं माटुंगें येतें. सरकारी दप्तरीं हा भाग मुंबई शहरांतच मोडतो. पण तो वसविला गेला उपनगर म्हणूनच. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, दाट वस्तीच्या चाळींत माणसें पटापट मरूं लागलीं, आणि १८९८ त इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. उत्तरेकडची मोकळी जमीन आंखून, रुंद रस्ते, झाडें व बागा ठेवून मध्यमवर्गाला राहण्याजोगीं घरें व्हावींत हा या ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेचा हेतु. आज तेथेंहि मोटारींची वर्दळ आहे, किंग्ज सर्कलवरून, म्हणजे आतांच्या माहेश्वरी उद्यानावरून, उड्डाणपूल गेला आहे. तरी आंतल्या गल्लींत शिरतांच आवाज एकदम खालीं बसतो. दुपारीं दोन वाजतां तर एखाद्या घरांतला कुकर शिट्टी देतो ती रस्त्यावर ऐकूं येते.

या रस्त्यांचीं नांवें वाचीत हिंडावें. भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर, चंदावरकर! पैकीं भांडारकर आणि चंदावरकर हे तर प्रार्थना समाजाचे धुरीण. सोंवळ्याओंवळ्याचा आणि सहभोजनाचा वाद ज्यांच्या पिढीनें घरादारांत सोसला, त्यांच्या नांवाच्या रस्त्यांवर आज अठरापगड माणसें शेजारींशेजारीं बसून इडली खात आहेत, हा योग नांव देणाऱ्यांच्या ध्यानांत आला असेल असें वाटत नाहीं. आमच्या पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक प्रभृति मंडळींनीं ख्रिस्ती पाद्र्यांकडे चहा घेतला, कोणी घेतला तर कोणी नुसता पुढें घेऊन बसला, आणि त्या पेल्याभर चहानें सारें शहर ढवळून निघालें. पुढें दोघांनाहि या ना त्या रीतीनें प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. आत्याबाईंच्या सासऱ्यांच्या तोंडीं ती हकीकत नेहमीं असे. तेव्हां त्यांचा डबा हा केवळ हट्ट नव्हे, त्यामागें चार पिढ्यांचा धाक आहे, हें आम्हीं मुलांना वाटेंतच समजावून सांगितलें. मुलांना तें फारसें समजलें नाहीं.

माटुंग्यांत दक्षिणेकडचीं माणसें आलीं तीं मुख्यतः कारकुनीच्या व टंकलेखनाच्या नोकऱ्यांसाठीं, विशेषेंकरून १९२० नंतरच्या दोन दशकांत. पुष्कळ जण एकटे, बायकामुलें गांवीं. अशांच्या जेवणाची सोय म्हणून येथें बोर्डिंगें निघालीं. बोर्डिंग म्हणजे आपली खानावळच; महिन्याचे पैसे भरावे आणि दोन्ही वेळां पानावर बसावें. चालविणारे बहुधा दक्षिण कानडा जिल्ह्यांतले. तेथील उडुपीला मध्वाचार्यांनीं स्थापिलेलें श्रीकृष्णाचें देवस्थान आहे, आठ मठ आहेत, दर दोन वर्षांनीं पूजेचा अधिकार एका मठाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि हजारोंच्या पंगती उठतात. अशा पाकशाळेची कीर्ति त्या मुलखाच्या सगळ्याच आचाऱ्यांना उपयोगी पडली आणि ‘उडुपी’ हें नांवच शाकाहारी स्वच्छतेची हमी होऊन बसलें. त्या काळीं पुण्यामुंबईंत ‘ब्राह्मणांची खानावळ’ अशा पाट्या सर्रास असत. १९५० च्या राज्यघटनेनें उपाहारगृहांत जातीवरून कोणास मज्जाव करण्याची सोयच ठेविली नाहीं, आणि पाट्याहि हळूहळू उतरल्या. उतरल्या त्या बऱ्याच झाल्या.

आमची टेहळणी तीन सकाळी चालली. स्टेशनाजवळच्या रामाश्रयांत (हें १९३९ पासूनचें) अननसाचा शिरा आणि उपमा घेतला. शिरा लहान मुलांना फार आवडेल असा. पण सकाळीं तेथें इतकी गर्दी कीं अकरा माणसांनीं एकत्र बसण्याची आशा धरूं नये. चौघांनीं जावें, खावें, उठावें. किंग्ज सर्कलजवळचें कॅफे मद्रास १९४० चें. तेथला नाचणीचा डोसा आम्हांस विशेष आवडला. कोंकणांतल्या भाकरीची आठवण झाली, आणि मधुमेही बंधूंसाठीं आम्हीं त्याची नोंद करून ठेविली. रसमवडाहि उत्तम. रविवारीं मात्र बाहेर नांव लिहून ताटकळत उभें राहावें लागतें, आणि म्हाताऱ्या माणसाला तें झेपत नाहीं. त्याच भागांतलें कॅफे म्हैसूर या सर्वांहून जुनें, १९३६ चें. या ठिकाणीं न्याहारी करावी, कॉफी प्यावी, गप्पा माराव्या. पण न्याहारी म्हणजे पंगत नव्हे, आणि वहिनींनीं मागितली होती ती पंगत.

ती मिळाली ए. रामा नायक यांच्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगांत. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकालगत, बाजाराच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हें १९४२ पासून चाललें आहे. (स्थानकाचा सगळा कारभार २०१७ पासून स्त्री कर्मचाऱ्यांकडे सोंपविण्यांत आला आहे, तिकिटाच्या खिडकीशीं उभें राहून आमच्या नातीनें तें खरें आहे ना याची खात्री करून घेतली.) आम्ही मुद्दाम आडवारीं, साडेअकरालाच पोहोंचलों. जिना हीच एक अडचण. पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून आत्याबाई पायऱ्या मोजीत चढल्या. दशम्यांचा डबा पिशवींत होताच. वर आधीं पैसे भरावयाचे, मग बोलावलें कीं आंत जावयाचें. थाळीचें जेवण निराळें, केळीच्या पानावरचें निराळें. आम्हीं पानावरचें सांगितलें. दोन टेबलें लागूनच मिळालीं, आणि अकराहि जणांपुढें एकदम पानें आलीं.

पानावर पाणी शिंपडून पुसावें हें मुलांना वहिनींनींच दाखविलें. मग वाढपी एकामागून एक येऊं लागले. भाज्या, कोशिंबीर, पापड, पुऱ्या, भाताचा ढीग, त्यावर सांबार, मग रसम, दहीं, ताक. कोणी विचारीत नाहीं, कोणी घाई करीत नाहीं. पान रिकामें दिसलें कीं हात पुढें येतो. सांबार आलें तसे बंधु संभाजीराजे व तंजावर यांची गोष्ट सांगूं लागले. ती गोष्ट गोड आहे. तंजावरला १६७५ पासून भोंसल्यांचें राज्य होतें हेंहि खरें. पण सांबाराचें नांव त्यावरून पडलें या म्हणण्याला आख्यायिकेहून अधिक किंमत देतां येत नाहीं, असें आम्हीं म्हटलें. बंधूंनीं आणखी एक पळी सांबार घेऊन वाद मिटविला.

इतक्यांत धाकट्या नातवानें “मला अजून पुरी” असें म्हटलें, आणि वहिनी उठल्या. उठल्या म्हणजे खुर्ची मागें सारून, पदर खोंचून, खरोखरीच उभ्या राहिल्या. वाढपी तोंवर पुरी वाढून पुढें गेलाहि होता. वहिनी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, आणि मग कोणाकडेहि न पाहतां खालीं बसल्या. आमच्यापैकीं कोणी हंसलें नाहीं. बंधु पानाकडे पाहत होते. अडतीस वर्षांत जेवतांना त्या किती वेळां उठल्या असतील याचा हिशेब ज्याचा त्यानें मनांतल्या मनांत केला असावा.

आत्याबाईंनीं प्रथम नुसतें पाहिलें. वाढप्याचे हात पाहिले, शेजारच्या पानावर काय पडतें तें पाहिलें. मग त्यांनीं थोडा पांढरा भात व दहीं मागून घेतलें. “दहीं गोड आहे,” म्हणाल्या. कांहीं वेळानें त्यांनीं रसमाकडे बोट केलें. “हें आपलें सारच कीं! मिरें जरा जास्ती.” त्यांना वाटीभर रसम दिलें. तें भातावर न घेतां त्यांनीं तसेंच प्यालें, आणि पुन्हां मागितलें. डबा पिशवींतच राहिला. आम्हीं त्याविषयीं अक्षर काढलें नाहीं. अशा वेळीं काढलेलें एक अक्षर सगळ्यावर पाणी पाडतें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस सांगावयास नको.

जेवण झाल्यावर पान कोणत्या बाजूला दुमडावयाचें यावर थोडी चर्चा झाली. जिना उतरून आम्ही फुलांच्या दुकानांवरून गेलों. येथें मोगऱ्याचे व अबोलीचे गजरे हातानें मोजून देतात. सुनांनीं वहिनींना दोन घेतले, त्यांनीं एक आत्याबाईंच्या देवांसाठीं ठेविला. जवळच्या एका दुकानांत बिया भाजून, पुढ्यांत दळून कॉफी मिळते. चिकोरी किती घालूं असें दुकानदार विचारतो, आणि ज्यास उत्तर येत नाहीं तो बाहेरचा असें समजतो. आम्ही बाहेरचेच ठरलों. परततांना मुलांना उड्डाणपुलाखालच्या बागेंत नेलें. तेथली पायवाट नर्मदेच्या प्रवाहाच्या धर्तीवर वळविलेली आहे, आणि अमरकंटकापासून समुद्रापर्यंत मुलें चार वेळां धांवलीं.

कोणी कुटुंब घेऊन जाणार असेल तर त्यानें आडवार पाहावा, साडेअकराच्या आंत पोहोंचावें, आणि सोमवारीं जावयाचें तर आधीं चौकशी करावी. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसास जिन्याची कल्पना द्यावी. तान्हीं मुलें बरोबर असतील तर रसम बेतानें.

पुण्यास परतल्यावर पहिल्या रविवारीं पोळ्या आधींच करून, फडक्यांत गुंडाळून डब्यांत ठेविल्या, आणि पानें एकदम मांडलीं. बंधूंनीं पहिला घांस घेतांच पोळी निवल्याचें सांगितलें. “मग पुढच्या रविवारीं तव्यापाशीं तूं उभा रहा,” आत्याबाई आपल्या पाटावरून म्हणाल्या, आणि त्यांनीं ताक मागितलें. हल्लीं रविवारीं पानें एकदांच मांडतात. बाकीचे सहा दिवस अजून दोनदां.