मर्जीची हलगी

माझ्या वडिलांच्या हलगीचं कडं लोखंडी आहे. आजोबांनी ते भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या लोहाराकडून घडवून घेतलं होतं. त्यावरचं कातडं दर काही पावसाळ्यांनी बदलायचं, कडं तेच राहिलं. बकऱ्याचं कातडं आणायचं, भिजत घालायचं, केस काढून ओलं असतानाच कड्यावर ताणायचं, वादीनं आवळायचं आणि सावलीत वाळवायचं. हे सगळं काम वडील एकट्यानं करत आणि त्या दिवशी फारसं बोलत नसत. कातडं वाळलं की नखानं टिचकी मारून कान लावत. आवाज मनासारखा आला म्हणजे हलगी खुंटीला जायची.

खुंटीवरून ती कधी उतरायची, हे मात्र वडिलांच्या हातात नव्हतं. गावात लग्न असो, बेंदराची बैलांची मिरवणूक असो, म्हसोबाची जत्रा असो नाहीतर कुणाची मयत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणीतरी हाक मारायचं आणि वडील निघायचे. दवंडीही त्यांनीच द्यायची. त्याच्या बदल्यात सुगीला खळ्यावर मिळेल ते धान्य आणि कार्य असेल तिथं पंगत उठल्यावर जेवण. आजी शेवटच्या घटका मोजत होती, त्या संध्याकाळीही एका वरातीची हाक आली. पाऊस पडून गेलेला, कातडं ढिलं झालेलं. अंगणात उसाचं पाचट पेटवून वडील हलगी शेकत बसले आणि आतल्या खोलीतून आजीच्या घरघरीचा आवाज येत होता. वडील वरातीत वाजवून परत आले तेव्हा आजी गेलेली होती. त्या दिवसापासून मला हलगीचा राग आला. आपण या वस्तूला हात लावायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

हा राग माझ्या एकट्याचा नव्हता. हलगीच्या कड्याला गावगाड्यानं जात बांधली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात महार वतनं रद्द केली, त्याला आता शंभरावर वर्षं झाली. पुढे बाबासाहेबांच्या चळवळीनं माणसांना गावकीची कामं नाकारायला शिकवलं. मेलेलं जनावर ओढायचं सोडताना कित्येक वस्त्यांनी वाजवणंही सोडलं, आणि ते योग्यच होतं. आम्हा मातंगांच्या पुष्कळ घरांत हलगी राहिली, कारण चुलीचा प्रश्न होता. वडील म्हणायचे, “कला हाय, पर मान न्हाई.” मी मनातल्या मनात म्हणायचो, मान नाही तर कला तरी कशाला हवी?

बारावीनंतर मी गारगोटीला कर्मवीर हिरे महाविद्यालयात आलो. ते श्री मौनी विद्यापीठाचं कॉलेज. या विद्यापीठाची उभारणी केली ती डॉ. जे. पी. नाईक यांनी. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेला हा माणूस पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव झाला. देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या या माणसानं वेदगंगेकाठच्या एका गावात शाळेपासून महाविद्यालयापर्यंतचं शिक्षण उभं केलं, म्हणून माझ्यासारख्याला कॉलेजसाठी कोल्हापूर गाठायची ऐपत लागली नाही. मी पुस्तकं घेऊन आलो होतो. हलगी घरी खुंटीवरच होती.

शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव म्हणजे आमच्याकडच्या कॉलेजांचा मोठा सण. लघुनाटिका, मूकनाट्य, लोकनृत्य, सुगम गायन आणि त्यातच लोकवाद्यवृंद. या शेवटच्या प्रकारात ठरलेल्या मोजक्या मिनिटांत मुलांनी नुसती लोकवाद्यं वाजवून दाखवायची. आमच्या सरांनी वाद्यं गोळा करायला सुरुवात केली आणि त्यांच्या मागोमाग माणसं येत गेली. संबळ घेऊन आला तो गोंधळ्यांच्या घरातला. ढोल आणला आदमापूरच्या बाजूच्या एका धनगराच्या पोरानं; बाळूमामांच्या भंडाऱ्याला तो बापाबरोबर वाजवत असे. चौंडकं यल्लम्माच्या जोगत्यांचं; ते शिकायला एक शेतकऱ्याचा मुलगा तयार झाला. दिमडी खंडोबाच्या वाघ्यांची, ती एका मुलीनं घेतली. शिवाय तुणतुणं, कैताळ, घुमकं.

यातलं प्रत्येक वाद्य आमच्या तालुक्यात पिढ्यानपिढ्या वाजत आलं आहे. पण प्रत्येकाचा देव वेगळा, दार वेगळं, वाजवणारा वेगळा. गोंधळाच्या चौकात ढोल येत नाही आणि धनगरांच्या गजनृत्यात चौंडकं येत नाही. ही सगळी वाद्यं एका जागी, एकमेकांचं ऐकत वाजतात, असं मी पाहिलं ते कॉलेजच्या सभागृहात. खेड्यात जे शेजारी राहूनही कधी एकत्र आलं नव्हतं, ते सरावासाठी रोज संध्याकाळी एका सतरंजीवर बसू लागलं.

हलगी तेवढी नव्हती. सरांना माझ्या घरचं ठाऊक होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “तुला वाजवायचं असेल तरच. नसेल तर हा विषय मी परत काढणार नाही.” हलगीच्या बाबतीत आमच्या घरात इतक्या पिढ्यांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी विचार करायला वेळ मागितला आणि सरांनी तो दिला. घरी जाऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “तू कर न्हाईतर नगं करू. पर करणार असशील तर नीट शिकून कर.”

मग एका शनिवारी वडील एसटीनं गारगोटीला आले. हलगी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. सरांनी धावत जाऊन खुर्ची आणली. वडील बसले नाहीत. मला वाटलं, सवयीनं बिचकले. तेवढ्यात ते म्हणाले, “हलगी हुबं ऱ्हाऊनच वाजती, सर. बसून वाजीवली तर आवाज पोटात ऱ्हातोय.” त्यांनी पट्टा डाव्या खांद्यावर अडकवला, कडं छातीशी टेकवलं. उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्या हाताच्या बोटांत बारीक लवचिक काडी. लोक बघतात ते टिपरूकडे. वडिलांनी आम्हाला काडी बघायला लावली. टिपरू ठोका देतं, काडी त्या दोन ठोक्यांमधली जागा भरते. ती कड्याच्या अगदी कडेला, तुरतुर चालते आणि तिच्यातूनच हलगीचा कडकडाट उठतो. “काडी मनगटातनं न्हाई, बोटातनं चालवायची,” असं म्हणत त्यांनी त्या शेतकऱ्याच्या पोराची बोटं आपल्या हातात धरून फिरवली. आमच्या गावात त्याच्या घरच्यासारख्या घरात वडील उंबऱ्याबाहेर उभे राहत.

सरावात आमचा एक घोटाळा होत होता. ढोलाची चाल संथ, हलगीची तडफ मोठी. दोन्हींची सांगड बसेना. वडिलांनी थोडा वेळ ऐकलं आणि सांगितलं, “घुमक्याला आधी बोलू द्या.” घुमक्याचा खर्ज आधी सुरू झाला, कैताळानं त्यावर ताल धरला, ढोल त्या तालात मिसळला आणि मग हलगी वरून आली. सगळं जागच्या जागी बसलं. कुस्तीच्या मैदानात ते आयुष्यभर हेच करत आले होते. पैलवान एकमेकांना अजमावत असतात तोवर हलगी दबकत चालते. पकड बसली, डाव पडू लागला की ती उसळते. सगळी ताकद पहिल्याच मिनिटाला खर्चायची नाही, हे ते मैदानात शिकले होते.

महोत्सवाला वडील आले होते. आमचं वाजवून झालं, टाळ्या झाल्या, बक्षीसही मिळालं. परतताना एसटीत ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “लोक गप बसून ऐकत हुते.” जन्मभर त्यांच्या हलगीवर लोक नाचले होते, ओरडले होते, दारू पिऊन पडले होते. केवळ ऐकण्यासाठी बसलेलं माणूस त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे मी नोकरीसाठी पिंपरीला गेलो. बाकीचेही पांगले. वडील गेले तेव्हा त्यांच्या मयतीला हलगी वाजवायची की नाही, यावर भावकीत बोलणं झालं. ती मी वाजवली, कारण ती माझी इच्छा होती. त्यानंतर कडं माझ्याकडे आलं. शहरातल्या घरात कातडं टिकत नाही. पावसाळ्यात सैल पडलं की शेकायला जाळ कुठं करणार? तिथल्या पथकांत सगळ्यांनी फायबरची पानं लावलेल्या हलग्या घेतल्या आहेत. त्या पान्यानं नट आवळला की चढतात, पावसाला भीत नाहीत. त्यांचा आवाज कर्कश असला तरी मी त्यांना नावं ठेवणार नाही, कारण त्यामुळे नवी पोरं वाजवू लागली. पण माझ्या कड्यावर मी कातडंच ठेवलं.

यंदा ढोलवाल्याचा फोन आला. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आपला जुना वाद्यवृंद पुन्हा बसवायचा, असं त्यानं ठरवलं होतं. मी कोल्हापुरातून गाडी धरली, मुधाळतिट्ट्याला चहा घेतला आणि दुपारी गारगोटीत उतरलो. संबळवाला आता शिक्षक आहे. ढोलवाल्यानं मेंढरं विकून ट्रक घेतला. दिमडी वाजवणारी सांगलीहून लेकीला घेऊन आली. चौंडकंवाला शेती करतो. घुमकं वाजवणारा आमचा मित्र मात्र या जगात राहिला नाही. त्याच्या जागी त्याचा भाऊ उभा राहिला. निवृत्त झालेले सर पुढच्या रांगेत होते.

कार्यक्रमाआधी इमारतीच्या मागं पालापाचोळा गोळा करून मी हलगी शेकायला घेतली. आताच्या संघातली मुलं भोवती जमली, कारण जाळावर हलगी चढताना त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांच्यात हलगी वाजवणारी एक मुलगी होती. तिच्या घरात कुणीही कधी वाद्य वाजवलेलं नाही, असं तिनं सांगितलं. कातड्यावर बोट फिरवून तिनं विचारलं, “काका, काडी बोटातनं चालवायची की मनगटातनं?” मी तिला बोटातनं चालवून दाखवली. मग आम्ही वाजवलं. हात पूर्वीसारखे चालले नाहीत, शेवटी शेवटी दंड भरून आले, पण घुमक्याला आधी बोलू दिलं आणि सांगड बसली.

त्या मुलीकडे पाहताना मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. ती हलगी वाजवते, कारण तिला आवडते. उद्या सोडली तरी तिच्या घरी कुणी हाक मारायला येणार नाही. माझ्या वडिलांना जे मिळालं नाही ते हेच होतं. त्यांच्या बोटांत कमी काही नव्हतं; नाही म्हणण्याची मोकळीक तेवढी नव्हती. कॉलेजनं मला ती दिली, आणि ती मिळाल्यावरच मला हलगी आवडू लागली. नाकारता येणारं वाद्यच माणूस मनापासून हाती घेऊ शकतो.

पण एक काम अर्धंच झालं आहे. रंगमंचावर हलगीला मान मिळाला. गावोगावच्या वादकाला तो अजून मिळायचा आहे. मिरवणुकीत तो आजही डीजेच्या भिंतीपुढे आवाज काढायची धडपड करतो आणि पहाटे मिळेल ते पैसे घेऊन घरी जातो. त्याची चाल आपली मुलं महोत्सवात वाजवतात, बक्षीस आणतात आणि त्याचं नाव कुठंही येत नाही. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, की दरवर्षी सरावाच्या काळात तालुक्यातला एक जुना वादक शिकवायला बोलवायचा, त्याचं मानधन आम्ही वर्गणी काढून द्यायचं आणि संघ रंगमंचावर जाईल तेव्हा निवेदनात त्याचं नाव गुरू म्हणून घ्यायचं. हे प्रत्येक महाविद्यालयाला जमण्यासारखं आहे. चाल घ्यायची असेल, तर ती जपणाऱ्या माणसालाही सन्मानानं आत घ्यायला हवं.