धायटी

कुटजारिष्टात मान कुड्याच्या सालीचा. जुलाब थांबवते ती तीच. पण साल, मनुका, मोहाची फुलं आणि शिवण उकळून, पाणी चौथाई उरवून गाळलं तरी हाती येतो तो काढाच, दोन दिवसांत नासणारा. त्याचं वर्षानुवर्षं टिकणारं अरिष्ट होतं ते धायटीच्या फुलांमुळे.

आमच्या देगलूरच्या काळ्या रानात धायटी नाही. ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माहूर-किनवटच्या सागवानी डोंगरउतारांवर. तिकडे माघ-फाल्गुनात पानं झडतात आणि काटक्यांना तांबड्या नळ्या लगडतात. आपण वाळवून वापरतो ती खरं तर फुलाची बाहेरची लाल नळी. पाकळ्या अगदीच नावापुरत्या. नळीत मध, आणि त्या मधाच्या आसऱ्याला अंबवणारं किण्व. घेताना मी मूठभर फुलं तळहातावर चोळून बघतो. सावलीत वाळलेली विटकरी-तांबडी राहतात, जुनाट झालेली काळपट पडतात आणि त्यांना कुबट वास येतो. अशी फुकट दिली तरी नकोत.

ग्रंथातलं माप काढ्यात पडणाऱ्या एक तुळा गुळाला वीस पळं धायटी. आजच्या हिशेबात 4.8 किलो गुळाला 960 ग्रॅम, म्हणजे गुळाचा पाचवा हिस्सा! नवशिक्याला हे फार वाटतं आणि तो हात आखडतो. फुलं निवडायची, झटकायची, पण खळखळून धुवायची नाहीत. काढा कोमट झाल्याशिवाय त्यात टाकायचीही नाहीत. नाहीतर किण्वच मरतं, मग वाट कसली बघायची?

भरणी गळ्याशी मोकळी ठेवून तोंडाला कापडमाती करायची आणि बळदात, ज्वारीत पुरायची. धान्यात ऊब एकसारखी राहते. चैत्र-वैशाखात मी हे काम काढत नाही. इथल्या उन्हाळ्यात अरिष्ट हां हां म्हणता आंबट होतं. पुढचं काम कानाचं. भरणीला कान लावला की आत बारीक सळसळ ऐकू येते. ती थांबली, की तोंड उघडून पेटती काडी आत धरायची. विझली तर आत अजून वायू धरलेला आहे. जळत राहिली आणि फुलं तळाशी बसली, तर गाळायला हरकत नाही.

आता कुणी विकतचं यीस्ट घालून काम लवकर उरकतात. त्याला माझी ना नाही, पण फूल वगळायला मात्र आहे. धायटी स्वतःच तुरट, जुलाबावर चालणारी. किण्व पुडीत मिळेल, हा तुरटपणा कुठून आणणार?

‘म्हणजे दारूच की हो वैद्यबुवा,’ असं पेशंट हसत म्हणतात. मद्यांश असतो, आपोआप तयार झालेला. कायद्याने 12 टक्क्यांच्या आत. जेवणानंतर चार चमचे, तेवढ्याच पाण्यात. दारू सोडलेल्या माणसाला मात्र मी ते थेंबभरही देत नाही. त्याला कुटजघनवटी.