मागचं पब्लिक

आत्या गेली. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता आणि तिचा एकटीचा असा फोटोच नाही. ओळखपत्रावरची बाई तिची तिलाही ओळखू आली नसती. म्हणून ताईच्या लग्नाचा अल्बम काढला. २००५ साल, पनवेल. नवरा-नवरी कडक फोकसमध्ये. मागे खांबाशी राखाडी पातळ, आणि चेहऱ्याच्या जागी डाग.

हे कॅमेऱ्याचं काम नव्हे. फोटोत ती स्वच्छ आली होती. अल्बम लावताना मी स्टुडिओत शेजारीच बसलो होतो. तिथल्या पोरानं फोटोशॉपमध्ये जोडप्याभोवती लासो फिरवला, सिलेक्शन उलटं केलं. "मागचं पब्लिक उडवतो, कपल उठून दिसेल."

"ती आत्या आहे," मी म्हटलं.

"आता सगळंच जाणार," म्हणत त्यानं गॉसियन ब्लरची पट्टी सरकवली.

विधवा झाल्यापासून ती मांडवात मागेच उभी राहायची. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं. उरलेलं काम त्या पट्टीनं केलं. त्या पोरावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

गॉसियन म्हणजे गणिती गाउसचा. १८०१ च्या पहिल्या दिवशी खगोलशास्त्रज्ञ पियाझीला आकाशात सिरीस हा बटुग्रह दिसला आणि काही आठवड्यांत सूर्याच्या उजेडात हरवला. चोविशीतल्या गाउसनं मोजक्या नोंदींवरून त्याची कक्षा मांडली. वर्षअखेरीस तो सापडला. निरीक्षणांतल्या चुका कशा पसरतात हे दाखवणारी गाउसची घंटेसारखी वक्ररेषाच ब्लरमध्ये वापरतात. प्रत्येक ठिपक्यात शेजाऱ्यांचे रंग मिसळायचे, जवळच्याचा वाटा मोठा, लांबच्याचा लहान. म्हणजे आत्याचा चेहरा खांबात, तोरणात, शेजारच्या काकांच्या टोपीत थोडा थोडा वाटला गेलाय.

उलटा हिशेब कागदावर जमतो. पण रंग ० ते २५५ च्या पूर्णांकांत कोंबताना अपूर्णांक गळतात, छपाईत आणखी गळतात. मूळ फाइली स्टुडिओनं दिल्याच नाहीत; तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भाच्यानं तो डाग एआयला दिला. त्यानं धारदार नाकाची कुणी बाई काढून दिली. आत्याचं नाक चांगलं बसकं होतं. फ्लेक्सवर ओळखपत्रच गेलं.

आता फोनच न विचारता मागचं पुसतो, अंतराचा अंदाज चुकला की बायकांच्या कानातल्या कुड्याही. परवा भाचा वडाळे तलावावर बायकोचा फोटो काढत होता. म्हटलं, पोर्ट्रेट मोड बंद कर.

"मागे आहे काय? भेळवाला आणि दोन म्हातारे."

"राहू देत. आणि भेळवाल्याला विचार, चालेल ना म्हणून."

भेळवाल्यानं आधी केस नीट केले.