एक कप्पा मोकळा

गृहभेटीला गेले की बहुतेक घरं मला आधी नवा पलंग दाखवतात. मग कार्टूनच्या चादरी, अभ्यासाचं टेबल, एखाद्या घरी सायकलसुद्धा. फॉस्टर केअरसाठी, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळण्यासाठी, अर्ज केलेल्या या माणसांची हौस खरी असते. चहा घेत मी सगळं पाहते आणि मग कपाट उघडायला सांगते. मुलासाठी एक कप्पा पूर्ण मोकळा केलाय का?

संस्थेत वाढलेल्या मुलाचं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नसतं. ते येतं तेव्हा पिशवीत एखादा मळका फोटो असतो, चाक निखळलेली गाडी, नाहीतर केव्हाच तोकडा झालेला फ्रॉक. यातलं काहीही त्याला न विचारता धुवायचं नाही, टाकायचं तर नाहीच. टापटिपीच्या आज्यांना हे पटवताना माझी निम्मी शक्ती खर्च होते.

२०१५च्या बाल न्याय कायद्यात कलम ४४ फॉस्टर केअरसाठी आहे. मूल कोणत्या घरी जाईल हे बालकल्याण समिती ठरवते आणि दर महिन्याला घराची पाहणी होते. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच दिला जातो. मूल सहा वर्षांच्या वरचं असतं. म्हणजे त्याला आई आठवत असते, वस्ती आठवत असते, मार आठवत असतो. ‘आमच्याकडे आलं की सगळं विसरेल’ असं कुणी म्हणालं की मी पेन खाली ठेवते आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागते.

स्वयंपाकघरात मी जास्त वेळ घालवते. उपाशी राहिलेलं मूल भरल्या घरातही पोळी उशीखाली लपवतं. ती सापडली तर ओरडायचं नाही. त्याचा हात पोचेल अशा ठिकाणी लाडू-चिवड्याचा डबा ठेवायचा आणि तो संपला की मुकाट्यानं भरायचा. हावरटपणा आहे असं वाटतं, पण ती भीती असते, आणि डबा पुन्हा भरलेला दिसत राहिला की हळूहळू ओसरते. किती दिवसांत, ते सांगता येत नाही.

स्वतंत्र खोलीचं कौतुक आपल्याला. ओळीनं गाद्या घालून झोपलेल्या मुलाला बंद दाराची खोली शिक्षा वाटू शकते. दार उघडं, बाथरूमपर्यंत दिवा, एवढं पहिल्या रात्रीला पुरतं. दिवाळीत आलेल्या मुलाला हौसेनं अभ्यंगस्नान घालायला बसू नका. आजवर कुणाचा हात कसा अंगावर पडला, आपल्याला माहीत नसतं. तेलाची वाटी, उटणं त्याच्या हाती द्या. फटाक्यांचंही त्यालाच विचारा.

शेजारी विचारणारच, ‘कोणाचं गं हे?’ उत्तर आधी ठरवून, घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवा: ‘आमच्याकडे राहतं.’ पुढचं सांगायचा हक्क त्या मुलाचा. आकाशकंदिलाखालचा त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे. हाक काका-काकू चालेल, नावानंही चालेल. आई-बाबा म्हणवून घ्यायची घाई मला खटकते. आणि पैशाचं: केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. टोमणे त्यावरूनही येतात, त्याचीही तयारी हवी.

माझा शेवटचा प्रश्न बऱ्याच जणांना अनपेक्षित असतो. समितीनं परवानगी दिली तर मुलाची जन्मदाती आई त्याला भेटू शकते; ती तुमच्या दारात आली तर कुठे बसवाल? कुणी चटकन ‘सोफ्यावर’ म्हणतं, कुणी गप्प होतं. एक बाई म्हणाल्या, ‘मला तिचा राग येईल हो. पण जेवायला वाढीन.’ अहवालात मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खाली शिफारस केली.