तळ कुणासाठी

इब्न बतूताने दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांच्या वाटचालीचा रस्ता वर्णिला आहे. दुतर्फा झाडे, इतकी की बागेतून चालल्याचा भास व्हावा. थोड्या थोड्या अंतरावर डाकेच्या चौक्या, आणि त्या प्रत्येक ठिकाणी वाटसरूला लागेल ते सारे. त्याच्या काही वर्षे आधी, १३२७ च्या सुमारास, महंमद तुघलकाच्या हुकमाने दिल्लीकर याच वाटेने दौलताबादेला आले होते, आणि इतिहासकार बरनीने त्या स्थलांतराबद्दल लिहिले ते हालअपेष्टांचे आहे. मला दोन्ही वर्णने खरी वाटतात. इब्न बतूता हा दरबारी मानाचा पाहुणा होता. दिल्लीची माणसे घरदार सोडून, कुणाच्या तरी मर्जीखातर निघाली होती. रस्ता एकच होता, पण मुक्कामाला दोघांना सारखी जागा मिळालेली नव्हती.

कॅराव्हॅनच्या प्रवासाचा विषय निघाला की मला हा जुना रस्ता आठवतो, कारण आपल्याकडची सगळी चर्चा गाडीभोवती फिरते. आत पलंग किती, ओटा कसा, वातानुकूलन आहे का, भाडे दिवसाला किती. ज्या देशात हा प्रवास खरोखर रुजला त्या ऑस्ट्रेलियाकडे पाहिले, तर गाडीइतकीच किंबहुना जास्त महत्त्वाची ठरली ती गाडी उभी करण्याची जागा. त्या खंडाला वळसा घालणारा एक नंबरचा महामार्ग साडेचौदा हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. दक्षिणेला नलारबोरच्या माळावर शेकडो किलोमीटर झाड दिसत नाही, पाण्याचीही वानवा. अशा देशात आठ लाखांहून अधिक कॅराव्हॅन आणि कॅम्परव्हॅन नोंदलेल्या आहेत. नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी महिनोन्‌महिने फिरतात. हिवाळ्यात उत्तरेच्या उबेला जातात, उन्हाळ्यात दक्षिणेला परततात. हे जमते कारण गावोगावी कॅराव्हॅन पार्क आहे, आणि त्यांतली कितीतरी पार्के तिथल्या स्थानिक नगरपरिषदांच्या मालकीची आहेत. पार्क म्हणजे फार काही नाही. आखून दिलेली जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ, न्हाणीघर, कपडे धुण्याची सोय, सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर, आणि गाडीतल्या शौचालयाची टाकी रिकामी करण्याचे ठिकाण. हे शेवटचे ठिकाण पुष्कळ छोट्या गावांनी पार्कच्या बाहेरही, कुणालाही वापरता येईल असे बांधून ठेवले आहे. गावाची घाण होऊ नये हा त्यात हिशेब आहे, आणि मुक्कामाला थांबलेला माणूस गावच्या दुकानात पैसे टाकून जातो हाही.

ही कल्पना छत्रपती संभाजीनगरला परकी नाही. हे शहर वाटांवर जगले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या अंतरावर आणि तेर त्याच्या पुढे दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. पैठणचा अकीक आणि तेरचे कापड गाड्यांमधून, वाट नसलेल्या मुलखातून, बंदराकडे जाई. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली तेव्हा नहरींनी पाणी आणले, आणि पुढे शहराचे दरवाजे ज्या दिशेला वाट जाते तिचे नाव घेऊन उभे राहिले: दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, जालना दरवाजा. पाणचक्कीचे उदाहरण तर या विषयाला नेमके लागू पडते. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांनी काही किलोमीटर आणून १७४४ च्या सुमारास ती चक्की फिरवली गेली, आणि तिचे पीठ बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांच्या आणि यात्रेकरूंच्या जेवणासाठी होते. आज आपण तिथे तिकीट काढून पाण्याचा पडदा पाहतो. ज्यांनी ती बांधली त्यांच्या लेखी ती मुक्कामाला आलेल्यांच्या पोटाची व्यवस्था होती. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला मोगलकाळातली सराई आहे, कारण बऱ्हाणपूरहून येणाऱ्या तांड्याला घाट चढण्याआधी थांबणे भाग होते. वेरूळला घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी देशभर देवळांसोबत विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या दानाची नुसती यादी पाहिली तरी यात्रा म्हणजे वाटेतले पाणी आणि रात्रीचे छप्पर हे त्यांनी किती नेमके ओळखले होते ते दिसते.

या पार्श्वभूमीवर २०२१ चे महाराष्ट्राचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण मला स्वागतार्ह वाटले. गाड्यांची नोंदणी, पार्कमध्ये पाणी-वीज-शौचालय, गुंतवणूक करणाऱ्यांना सवलती अशा तरतुदी त्यात आल्या. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण आणले आणि पुढच्या वर्षी वागमणला पार्क सुरू केले. पण आपल्याकडे धोरण जाहीर झाले की प्रकाश गाडीवर पडतो. गाडीचे उद्घाटन होते, फोटो निघतो. तळासाठी मात्र कुणीतरी जमीन, नळजोडणी आणि रोजचा झाडूवाला द्यावा लागतो, आणि त्याची फीत कापायला कुणी येत नाही. तळ नसेल तर गाडी हॉटेलच्या आवारात उभी राहते, आणि मग हॉटेलातच का उतरू नये याला उत्तर उरत नाही.

यावर पहिला आक्षेप पाण्याचा येतो, आणि तो आमच्या शहरात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जायकवाडी धरण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असून शहरातल्या नळाला वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत आले. घरातल्या बाईने ड्रम भरून ठेवायचे आणि पाहुण्याच्या गाडीला नळ द्यायचा, हे कुणाला पटेल? पण फिरत्या गाडीची टाकी लहान असते. तिच्यात राहणारा माणूस भांडे कसे घासावे आणि अंघोळ किती पाण्यात उरकावी हे पहिल्याच आठवड्यात शिकतो. तेवढेच प्रवासी हॉटेलात उतरले तर शॉवर, चादरी, हिरवळ धरून पाणी जास्तच जाईल. खरी काळजी सांडपाण्याची आहे. टाकी रिकामी करायला जागा नसेल तर ती रात्री नाल्यात सुटेल, आणि शहरातल्या नाल्यांचे पाणी खाम नदीला मिळते. तेव्हा पाण्याचा आक्षेप तळाविरुद्ध जात नाही. तो तळाशिवाय गाड्या आणण्याविरुद्ध जातो.

दुसरा आक्षेप असा की हा श्रीमंतांचा छंद आहे, त्यावर सार्वजनिक पैसा का घालावा. गाडीपुरते हे खरे आहे. मात्र महाराष्ट्रातली कॅराव्हॅन कशी दिसते ते नीट पाहिले पाहिजे. टेम्पोवर ताडपत्री, मागे गॅसची टाकी आणि मोठी पातेली, एखादा आचारी किंवा घरच्याच तीन-चार बायका, आणि बाकावर वीस-पंचवीस माणसे: घृष्णेश्वर, भद्रा मारुती, शिर्डी, पैठण असा फेरा करणारी ही गाडी कोणत्याही धोरणात कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली नाही. ती थांबते कुठे? पेट्रोल पंपाच्या कडेला, मंगल कार्यालयाच्या ओट्यावर, देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत. चूल रस्त्याकडेला पेटते, बायका अंधार पडण्याची वाट पाहतात. पंढरीच्या वाटेवरची दिंडी तर याहून मोठी. पैठणहून एकनाथांची पालखी निघते तेव्हा चालणाऱ्यांच्या पुढे सामानाचे ट्रक जाऊन राहुट्या उभारतात आणि पाण्याचे टँकर लागतात. वारीसाठी पालखीतळ राखायचे, तिथे पाणी आणि शौचालये पुरवायची ही गोष्ट आपल्या प्रशासनाला माहीत आहे आणि दरवर्षी करताही येते. ती वर्षातून काही दिवस होते, बाकीचे महिने तो माळ पडून असतो. काही दिवस चालणारी ही व्यवस्था बारमाही करायला नवीन ज्ञान लागत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते याच्या पुढचे आहे, आणि पर्यटनाच्या बैठकीत ते बोलले जात नाही. मराठवाड्यात सर्वांत जास्त माणसे घर गाडीवर लादून निघतात ती दसरा-दिवाळीनंतर, ऊसतोडीला. बीड जिल्ह्यातून सर्वाधिक, पण जालना आणि आमच्या जिल्ह्यातूनही. बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रकमध्ये भांडीकुंडी, पांघरुणे, लहान मुले, कधी शेळी. पाच-सहा महिने मुक्काम कारखान्याजवळच्या माळावर, पाचट आणि प्लास्टिकच्या कोप्यांत. पाणी दुरून, शौचालय नाही, उजेड नाही. बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पहाटे फडावर जाणाऱ्या, दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला पाळीच्या दिवसांत आडोसा आणि पाणी मिळत नाही, हे त्या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक. या मुलखात शतकानुशतके तांडे फिरले. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्येने सतराव्या शतकात दहा-बारा हजार बैलांचे लमाणांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि मोगलांच्या फौजा त्यांच्याच धान्यावर जगल्या. पुढे रेल्वे आली, त्यांचा व्यापार गेला. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने कितीतरी फिरत्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही पाल ठोकणाऱ्या माणसाकडे गावाची नजर संशयाचीच राहिली. त्याच तांड्यांतली बरीच माणसे आज कोयता घेऊन निघतात.

मजूर आणि पर्यटक यांची सांगड घालू नका, दोन्ही खाती वेगळी आहेत, असे मला सांगितले जाईल. खाती वेगळी आहेत हे मान्य. पण गरज एकच आहे: रात्रीपुरती किंवा महिन्यांपुरती जमीन, नळ, दिवा, दार लावता येईल असे न्हाणीघर. आणि ऑस्ट्रेलियाचे नाव घ्यायचे तर पुरते घ्यावे. तिथल्या बंडाबर्ग किंवा मिल्डुराच्या पट्ट्यात हंगामात फळे-भाज्या तोडायला येणारे मजूर त्याच कॅराव्हॅन पार्कांत राहतात जिथे निवृत्त जोडपी उतरतात. क्वीन्सलँड तर उसाचाच मुलूख. तिथे १९०५ मध्येच लोकर कातरणाऱ्या आणि ऊसमळ्यांतल्या कामगारांना राहण्याची जागा मालकाने दिली पाहिजे असा कायदा झाला. हाताने ऊस तोडणे तिथे पुढे कित्येक दशके चालू होते, आणि तोडणारे बराकीत राहत. मालकांनी तो कायदा मनापासून पाळला असे मी म्हणत नाही. तरी मुक्कामाची जागा हा मजुराचा हक्क आहे एवढे त्या समाजाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर आणले. मजुरांमुळे पर्यटक येणार नाहीत ही भीती व्यवस्थेच्या अभावातून येते. घाण माणसांमुळे होत नाही, ती शौचालय नसल्यामुळे होते, आणि ते नसेल तर वीस लाखांच्या गाडीतला माणूसही तेवढीच करील.

फर्दापूरला आजही सगळ्या खासगी गाड्या थांबवाव्याच लागतात, कारण लेण्यांपर्यंतचे शेवटचे चार किलोमीटर बसने जायचे असतात; तळ व्हायला ती जागा सोयीची आहे. वेरूळला तर लेणी आणि ज्योतिर्लिंग हाकेच्या अंतरावर आहेत. दोन्ही लेण्यांना १९८३ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे आणि पाहुणा मात्र दिवसभरात उरकून परततो. तरीही सुरुवात एकाच ठिकाणी करायची असेल, तर मी पैठण निवडीन. फाल्गुनात नाथषष्ठीला तिथे राज्यभरातून दिंड्या उतरतात आणि गोदावरीच्या काठी राहुट्यांचे गाव उभे राहते. आषाढीसाठी पालखी तिथूनच निघते. हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर पक्षी पाहायला आणि पैठणी विणताना पाहायला माणसे येतात, म्हणजे गाडीने फिरणाऱ्याचा हंगामही तोच. तालुक्यात सहकारी साखर कारखाना आहे, उसाचा पट्टा आहे, कोप्या आहेत. आणि पाणी तर दाराशी आहे. जिल्हा परिषद, पर्यटन संचालनालय आणि साखर कारखाना यांनी मिळून दहा एकर जागा ठरवावी, तिथे आधी नळ, सांडपाण्याची सोय आणि बायकांची न्हाणीघरे बांधावीत, आणि दाराशी गाडी कोणती आहे हे विचारू नये. पाटी आणि उद्घाटन त्यानंतर केले तरी चालेल.